कमळाचा मसाला

तुळजा मागच्या दारी बोंबील साफ करत बसली होती. कमळा आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "माझी मसाल्याची बरणी दे."

"दिलेली वस्तू परत मागतेस, वयनी?"

धाकट्या जावेचा टोमणा कमळाने कानाआड केला. तिच्या नवऱ्याच्या, पंढरीच्या, फुफ्फुसाच्या कॅन्सरवर ठाण्याला इम्युनोथेरपी चालू होती. गाठ लहान होत होती आणि मधेच त्याला जुलाब लागले. कमळाने सगळा दोष आपल्या मसाल्याला दिला. यंदा मिरची जहाल निघाली होती. तिने बरणी जावेकडे पोचवली आणि नवऱ्याला पेज घालू लागली. डॉक्टरांना मात्र सांगितलं नाही; आपल्या हातच्या जेवणाचं गाऱ्हाणं डॉक्टरकडे कोण नेतं? जुलाब काही थांबेनात. पंढरी भिंत धरून चालू लागला, तेव्हा मुलाने, दीपेशने, दवाखान्यात फोन केला आणि डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

"आज काय म्हनला डॉक्टर?" तुळजाने विचारलं.

"मसाल्याचं काय न्हाय. औषधानं अंगातली ताकद जागी व्हते, ती गाठीवर धावते, तशी आतड्यांवर पन धावली. पयल्याच दिवशी का न्हाय कळवलं, म्हनून मना बोलला."

"बोलनारच. मग आता?"

"इंजेक्शन बंद हाय. गोळ्यांनी जुलाब थांबले. गाठ पन वाढली न्हाय. हळूहळू नेहमीचं जेवन द्या, म्हनला."

"मसाला?"

"चिमूटभर."

तुळजाने हात धुतले आणि आतून बरणी आणली. कमळाने झाकण उघडून पाहिलं. मसाला तळाला गेला होता.

"अगो, येवढा कुटं गेला?"

"तुझ्या दिराला विचार. रोज म्हनतो, कालवन वयनीच्या मसाल्याचंच कर."

"पोट न्हाय बिघडलं कोनाचं?"

"माझं बिघडलं. रोज त्याच्या तोंडून तुझं कौतुक ऐकून."

कमळा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. जाताना तुळजाने तिच्या हातात दोन बोंबील ठेवले.

घरी येऊन तिने तेल तापवलं, लसूण ठेचून टाकला आणि दोन बोटांत मावेल एवढाच मसाला सोडला. वास पडवीपर्यंत गेला. तिथे खुर्चीत बसलेला पंढरी शिंकला. मग पुन्हा शिंकला.

"काय गो," त्याने तिथूनच विचारलं, "आली का तुझी बरणी माहेरून?"