धुक्यातला वाटाड्या

पुढची सायकल धुक्यात शिरली आणि तिच्यामागोमाग चष्मेवालाही शिरला.

उतार सुरू झाला. त्याने अंगठ्याने कळ दाबली, सीट खाली गेली आणि चाकांवरचा सगळा पसारा हलका झाला. खाली मुळं होती, सुटे दगड होते, पण हातापर्यंत त्यांचा नुसता निरोप यायचा, धक्का नाही. डोंगरउतारासाठीच बनवलेली कार्बनची एंड्युरो सायकल होती ती. उचलली तर पिसासारखी, उतारावर सोडली तर जिवंत जनावरासारखी. दगडावर उतरली की दबायची, श्वास सोडायची आणि पुन्हा अलगद वर यायची.

आपल्या चष्म्यांच्या दुकानात तो दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचा, "आता नीट दिसतंय?" इथे त्याला स्वतःलाच नीट काही दिसत नसे, आणि तेच त्याला आवडायचं. झाडं यायची आणि विरघळून जायची. दिसायचं ते एवढंच, हनुवटीपर्यंत सगळं झाकणारं एक काळं हेल्मेट आणि हवेत हलणारा हात. तळवा खाली, म्हणजे सावकाश. कोपर बाहेर, म्हणजे वळण. मूठ उघडली, की ब्रेक सोड आता.

हा माणूस त्याला हिवाळ्याच्या तोंडावर भेटला होता. अर्ध्या डोंगरात एक पुरुषभर उंचीचा कातळ आहे. चष्मेवाला त्याच्या टोकावर उभा होता, सायकल खांद्यावर घेऊन पायी उतरावं की काय या विचारात. मागून काळं हेल्मेट आलं, थांबलं, कातळावरची वाट बोटाने आखून दाखवली. मग स्वतः सावकाश खाली उतरलं आणि वर बघत उभं राहिलं. घाई नाही, हसणं नाही. चष्मेवाल्याने डोळे मिटायचे तेवढे बाकी ठेवून सायकल सोडली. खाली पोचला तेव्हा त्याचं मन कुठल्या कुठे गेलं होतं.

तेव्हापासून बहुतेक सकाळी ते एकमेकांना डोंगरमाथ्यावर सापडायचे. बोलणं कधीच झालं नाही. खाली ओढ्यापाशी दोन वाटा फुटायच्या. तो माणूस दोन बोटं उंचावायचा आणि लाकडाच्या वखारीकडे निघून जायचा. असेल कुणी पंचविशीतला पोरगा, चष्मेवाला मनाशी म्हणायचा. याच्या अंगात हाडं आहेत की नाहीत कोण जाणे.

घरी मात्र धुकं नव्हतं. घरी थंडी होती.

सासूबाई खालच्या मजल्यावर राहायच्या, जेवण एकत्र असायचं. मुलीचं लग्न आधी झालं आणि त्यांना बातमी नंतर कळली, तेव्हापासून त्या जावयाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. भांडणही नाही. सगळा कारभार लेकीमार्फत.

"विचार त्यांना, भाजी हवी का," त्याच्या समोर बसून त्या म्हणायच्या.

"चालेल म्हणावं," तो बायकोला सांगायचा.

"मी काय टपालखातं आहे?" बायको आधी हसून म्हणायची. हळूहळू तिचं हसणं आटलं. एके दिवशी तिने दुसऱ्या शहरातली नोकरी पक्की केली आणि मगच घरी सांगितलं. "अडकित्त्यातल्या सुपारीसारखी गत झालीय माझी," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही दोघं सुखी राहाल, मी मात्र तुटेन." दुकानासाठी गिऱ्हाईक बघून झालं, सामान बांधून झालं.

निघण्याच्या आदल्या रात्रीचं जेवण खोक्यांच्या गराड्यात झालं.

"इथलं काय आठवेल रे तुला?" बायकोने विचारलं.

"डोंगर," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "आणि तो माणूस."

"ज्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाहीस, तो?"

"हो. पण माझ्यासाठी इतक्या वेळा कुणी थांबलं नाही कधी."

सासूबाईंनी आपलं ताट उचललं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मी पडते गं," त्या लेकीला म्हणाल्या. "सकाळी नेहमीसारखं पोहायला जायचंय. तेवढाच गुडघ्याला आराम."

सकाळी डोंगरमाथ्यावर दुधासारखं धुकं होतं. काळं हेल्मेट त्याच्या आधीच येऊन थांबलं होतं. आज मात्र ते पुढे निघालं नाही. हात लांबवून त्यानं वाट मोकळी करून दिली. तू हो पुढे.

चष्मेवाला पुढे झाला. समोर कुणी नव्हतं, नुसता पांढरा पडदा, आणि तो पडदा त्याच्यासाठी थोडा थोडा उघडत होता. वळणं आपण होऊन येत होती. कातळ आला आणि गेला, घरातल्या उंबरठ्यासारखा. मागून दुसऱ्या चाकांची बारीक किरकिर सोबतीला होती. आपण उतरत नसून हा डोंगरच हळूच वर चाललाय, असं त्याला वाटलं. ही वाट संपूच नये, असंही वाटलं.

ओढा आला. तो थांबला. मागचा स्वार शेजारी येऊन उभा राहिला. दोन बोटं उंचावली नाहीत.

"आज आम्ही गाव सोडतोय," चष्मेवाला म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "तुमचे आभार मानायचे राहिले होते. तुम्ही कोण, तेही विचारलं नाही कधी."

स्वाराने हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढलं. घामाने पांढरे केस कपाळाला चिकटले होते. सासूबाईंनी ते मागे सारले आणि थेट त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, मागचा ब्रेक उगाच दाबत राहता तुम्ही. ही खोड जायला अजून एक हिवाळा तरी लागेल."