चौथं नाणं

बाबांनी नकाशावरचा आणखी एक चौकोन पेन्सिलीने खोडला. रॉझ त्यांच्या फ्रीजमध्ये आठवड्याचं दूध लावत होती.

"हा पट्टा झाला," ते म्हणाले. "आता ओढ्याकडची बाजू."

"उद्या वारा बोचरा आहे, बाबा."

"वारा ओळखतो मला. येतेस का?"

"उत्तरपत्रिका तपासायच्यात."

"बरं."

नऊ वर्षं दर शनिवारी ते हेच विचारत आणि उत्तर ऐकून कधी रुसत नसत. दर शनिवारी नॉरिचहून गाडी चालवत येताना रॉझ मनाशी काहीतरी जुळवत यायची. आज बोलायचंच. मग किटलीत पाणी उकळायचं, ते नकाशा उघडायचे, त्यांचा चेहरा उजळायचा, आणि ती दूध ठेवून परत जायची. त्या शनिवारीही तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेगेट नावाच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरवरून रॉझचा बाप सिरिल शेतात गुडघ्यांवर वाकलेला दिसला. काही सापडलंय वाटतं, म्हणून तो खूश झाला. अर्ध्या तासाने परत येताना सिरिल तसाच वाकलेला होता.

सहा आठवड्यांनी गावच्या सभागृहात क्लबची बैठक भरली. धातुशोधक यंत्रं घेऊन शेतं धुंडाळणारी ही बारा-पंधरा माणसं. बहुतेकांची नोकरी संपलेली, निम्म्यांचे जोडीदार गेलेले. शेतात उतरली की कानांवर हेडफोन चढवून प्रत्येक जण आपापल्या ओळीत एकटा चालायचा. एकत्र यायची ती चहापुरती.

चिटणीस डॉरीनने वही उघडली. "येत्या शनिवारी, सिरिलच्या आठवणीत, त्याचं ते शेत, पाद्र्याचा तुकडा. लेगेटनं बीटची पेरणी आपल्यासाठी थांबवलीय. सगळ्यांनी एका रांगेत चालायचं, तीन-तीन पावलांवर. खणलेला खड्डा बुजवायचा, फाटकं लावायची. आणि नॉर्मन, कुत्रा घरी."

"कुत्र्याला माझ्यापेक्षा जास्त सापडतं," नॉर्मन म्हणाला.

"तुझ्यापेक्षा जास्त तर माझ्या चपलेलाही सापडतं," विल्फ म्हणाला, आणि हशा पिकला.

रॉझ हसली नाही. "दुसरं शेत नाही का चालणार?" तिने विचारलं. "चर्चच्या मागचं?"

डॉरीनने चष्म्यावरून पाहिलं. "बाळ, तुला तिथे यायला जड जातंय, कळतं मला. पण त्याचा जीव त्याच शेतात होता."

"असं काय आहे त्या शेतात?" पॉलाने विचारलं. ती क्लबात नवी होती.

विल्फने खुर्ची पुढे ओढली. ही गोष्ट सांगायचा हक्क त्याचा होता. वय एक्याऐंशी, सिरिलचा चाळीस वर्षांचा दोस्त.

"बायको गेल्यावर सिरिल सहा महिने घराचे पडदे उघडत नव्हता," तो म्हणाला. "या पोरीनं त्याला यंत्र आणून दिलं. मग चार महिने काय, नुसते खिळे नि बाटल्यांची बुचं. यंत्र अडगळीत टाकायला निघाला होता. तेवढ्यात एका रविवारी ही म्हणाली, चला, मी येते. आणि ओकच्या झाडापाशी तीन रोमन नाणी! चांदीची! पायगुण म्हणतात तो हा."

"विल्फकाका, पुरे," रॉझ म्हणाली.

"पुरे काय? संग्रहालयाच्या बाईनं नकाशावर लाल टिंब मारलंय तिथे. तीन एकत्र म्हणजे चौथं असणारच. ते शोधायला सिरिल नऊ वर्षं पलंगावरनं उठला. मला म्हणायचा, विल्फ, चौथं मिळालं की पोरीच्या हातावर ठेवीन."

रॉझने कप खाली ठेवला. चहा बशीत हिंदकळला.

"म्हणून आता ऐका," विल्फ म्हणाला. "लेगेटशी बोललोय. सिरिलची परवानगी आता माझ्याकडे. बीट निघालं की पुढच्या हिवाळ्यापासून दर रविवारी मी तिथे. चौथं मिळेपर्यंत."

"तुझं कमरेचं हाड, विल्फ!" डॉरीन ओरडली. "आणि डॉक्टरनं थंडीत बाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"डॉक्टर काय रविवारी माझ्याशी पत्ते खेळायला येतो? घरात बसून भिंतींशी बोलू? थडग्यापाशी शब्द दिलाय मी त्याला."

नॉर्मनने मान डोलावली. त्याचेही रविवार तसेच जात असावेत.

विल्फ काठी टेकून उठला आणि रॉझसमोर आला. श्वास लागला होता, पण चेहरा उजळला होता. तो उजेड तिच्या ओळखीचा होता. नऊ वर्षं दर शनिवारी किटलीच्या वाफेपलीकडे तिने तो पाहिला होता, आणि त्याच्यासाठीच गप्प राहिली होती.

"शनिवारी तू माझ्या शेजारच्या ओळीत," तो म्हणाला. "नाही म्हणू नकोस, पोरी. बापाला नऊ वर्षं नाही म्हणालीस."

"हो," ती म्हणाली. "नाही म्हणाले."

"मग आता त्याच्यासाठी चार शब्द बोल. सगळे आहेत."

डॉरीनने पेन खाली ठेवलं. कुणीतरी कप न वाजवता बशीत ठेवला. रॉझ उभी राहिली. एकेकाकडे पाहत तिची नजर शेवटी विल्फवर थांबली.

"विल्फकाका, त्या शेतात जाऊ नका," ती म्हणाली. "चौथं नाणं तिथे नाहीये. मी तीनच विकत घेतली होती."