रांग पुढून भरते

मशिदीमागच्या दोन खोल्या, कायमची नोकरी आणि बायकोला खिडकीचं स्वयंपाकघर. इमामसाहेबांना हे सगळं मंत्र्यांच्या एका सहीत मिळणार होतं. बदल्यात करायचं काहीच नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं.

शुक्रवारी मंत्री नमाजाला उशिरा आले. त्यांचा सचिव पहिल्या रांगेतल्या एका हमालाला उठवू लागला.

“बसा हो तुम्ही,” इमामसाहेब हमालाला म्हणाले. “पुढची जागा आधी येणाऱ्याची.”

“अहो, साहेब आलेत!”

“इथे साहेब एकच. त्याला कुणाची जागा लागत नाही.”

मंत्री हसत हसत मागे चपलांपाशी बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा तिथे बसलेला फोटो भिंतीभिंतीवर झळकला, वर ठळक अक्षरांत ‘मंत्र्यांचा साधेपणा’.

“मागे बसवलंत तुम्ही, मतं पडली त्यांच्या पदरात,” बायको म्हणाली. “खूश असतील. आता सही होईपर्यंत तरी तोंडाला कुलूप लावा.”

पुढच्या शुक्रवारी मंत्री सगळ्यांच्या आधी आले आणि फोटोवाल्याला घेऊन थेट चपलांपाशी जाऊन बसले.

इमामसाहेबांनी हाक मारली, “साहेब, रांग पुढून भरते. आज आधी आलात, पुढे या. फोटोवाला बाहेर थांबेल.”

मंत्री हमालाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. फोटो निघाला नाही. सहीही झाली नाही.

चुलीच्या धुराने चुरचुरणारे डोळे चोळत बायकोने सगळं ऐकून घेतलं.

“खिडकी माझी गेली, म्हणजे किंमत मी मोजली,” ती म्हणाली. “तेव्हा आता माझं ऐकायचं. परत आले, तर परत पुढेच बसवा.”