सकाळची फेरी

बावीस वर्षांत त्या ड्रायव्हरच्या हातून बसवर साधा ओरखडाही उठला नव्हता. त्यामुळे दुपारी डेपो मॅनेजरने बोलावलं, तेव्हा तो निर्धास्तपणे गेला.

मॅनेजरने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. ड्रायव्हरला डुलकी लागली की टिपून ठेवणारा कॅमेरा गेल्याच आठवड्यात स्टिअरिंगसमोर बसवला होता.

"ही आज सकाळची फेरी आहे. तुम्हीच बघा."

पडद्यावर तो स्वतः होता, डोळे मिटलेला. तशाच मिटल्या डोळ्यांनी त्याने पुलावरचं वळण घेतलं, सिग्नलला बस थांबवली, काठी टेकत चढणाऱ्या म्हातारीकडे वळून मान हलवली. सबंध चाळीस मिनिटांत पापणी एकदाही उचलली गेली नाही.

ड्रायव्हर पडद्याजवळ झुकला. "साहेब, त्या आजींची पिशवी निळी होती. मी पाहिली ना! तुमचा कॅमेराच बिघडलाय."

"मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तर तुम्हाला समोर बोलावलं."

मॅनेजर खुर्ची मागे सरकवून हळूच उठला. त्याच्या कपाळावर साचलेला घाम ड्रायव्हरला स्वच्छ दिसत होता.

"काका," तो म्हणाला, "आधी डोळे उघडा, मग बोलू."