अर्धलीच्या मेंढ्या

सात महिन्यांपूर्वी आलेल्या ज्या पत्राला केरूनानांनी उत्तर दिलं नव्हतं, ते आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं; आणि ते पाठवणारा बिराप्पा समोर बसून बशीत चहा ओतत होता. पत्राचं नाव तो काढत नव्हता. म्हणूनच नानांना चहा गिळवत नव्हता.

पत्र तसं साधंच होतं. सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात दोघांनी सारी नोकरी काढली. नाना ग्रंथपाल, बिराप्पा शिपाई. निवृत्तीनंतर नाना आपल्या गावी, उंब्रजला गेले आणि बिराप्पा कवठे महांकाळकडच्या आपल्या वस्तीवर. तिथून त्यानं लिहिलं होतं : 'नाना, आठ मेंढ्या अर्धलीनं द्या. पैसे तुमचे, राखण माझी, कोकरं निम्मी-निम्मी.'

नानांनी त्याच दिवशी पोस्टकार्ड आणलं. पत्ता घातला, 'तुझं पत्र मिळालं' एवढं लिहिलं आणि थांबले. फंडाचे पैसे होते. बँक बारा टक्के देत होती, आणि बँकेतल्या पैशाला लांडगा खात नाही. मेंढ्यांचं गणित मांडलं तर दुप्पट सुटत होतं. पण मग त्यांनी मेंढ्यांच्या रोगांवरचं एक पुस्तक मिळवलं आणि तिथंच घात झाला. ते वाचून झाल्यावर जगात एक तरी मेंढी जिवंत कशी, हेच त्यांना कळेना.

"आवं, व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा," त्यांची बायको बायडाबाई म्हणायची. "त्यो माणूस तिकडं वाट बघत आसंल."

नानांना होय म्हणायची भीती वाटे आणि नाही म्हणायची लाज. शेवटी नकार तोंडीच द्यावा म्हणून ते आज एस्टीनं बिराप्पाच्या वस्तीवर आले होते. पैसेही बरोबर आणले होते. नकार द्यायचा तर ते कशाला, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"इचारा की नाना," बिराप्पाच अखेर म्हणाला. "खिसा चाचपून फाटंल त्यो. काय ते इचारा."

"मेंढी मेली तर?"

"तर तिचा कान आणून तुमाला दावायचा. कानावर मालकाची खूण आसती. रीतच हाय ती."

नानांच्या डोळ्यांसमोर उंब्रजच्या दारात पोस्टमन उभा राहिला. "पोस्टानं?"

चुलीपाशी बसलेली अंबूबाई, बिराप्पाची बायको, फस्सकन हसली. "न्हाई वं, येश्टीनं. कानाला आर्धं तिकीट लागतंय!"

नाना हसले नाहीत. "आणि माझे पैसे? ते कोण भरून देणार?"

"कुणीच न्हाई," बिराप्पा म्हणाला. "तुमची मेंढी मेली, माझी वर्साची राखण मेली. कान घिऊन यीन, दोगं बसून रडू. तुमची बँक बुडली तर म्यानेजर येनार हाय व्हय घरला रडाय?"

नानांनी कपबशी खाली ठेवली. एवढे दिवस हिशेब मांडताना बुडणाऱ्या बाजूला त्यांनी आपल्या एकट्यालाच उभं केलं होतं. तिथं शेजारी आणखी कुणी बसलेलं असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नाना, तुमी तरी ह्या खुळ्याला सांगा कायतरी," अंबूबाई म्हणाली. "बाजारातला व्यापारी दारात यिऊन अर्धलीनं मेंढ्या देत हुता. एका दिसात. ह्यो न्हाई म्हणाला. मागल्या साली त्याच्याच घेतल्या हुत्या, तर भाव चढल्याबरुबर गाभण मेंढ्या वडून घिऊन गेला मुडदा. म्हणून न्हाई म्हणाला त्ये बरं झालं. पर तवापास्नं पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसतोय. पोस्टमन आता आमची वाट सोडून जातोय!"

नानांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तोंडानं होय म्हणणं त्यांना जमेना. त्यांनी पैशाचं पुडकं अंबूबाईपुढं ठेवलं. मग खिशातून पत्राबरोबर ठेवलेलं ते अर्धवट कार्ड काढलं, 'तुझं पत्र मिळालं'च्या खाली लिहिलं, 'मेंढ्या घे,' आणि बिराप्पाच्या हातात दिलं.

बिराप्पानं ते दोनदा वाचलं आणि परत केलं. "आसं हातात न्हाई. पेटीत टाका. नानाचं कार्ड काय येत न्हाई, आसं त्या पोस्टमननं साऱ्या वस्तीला सांगितलंय. आता त्याच्याच हातानं यिऊ दे."

फाट्यावरच्या बाभळीला लाल पेटी टांगलेली होती. दोघं तिथवर चालत गेले. कार्ड पेटीच्या तोंडाशी धरून नाना थांबले. थांबायची त्यांना सवयच होती.

"बिराप्पा, सात महिने मी गप्प बसलो. हा माणूस काही कामाचा नाही, असं नाही वाटलं तुला?"

"पयल्या म्हयन्यात वाटलं," बिराप्पा म्हणाला. "मग मीबी हिशेब केला. साध्या पत्राचं उत्तर द्याला जो एवढं म्हयनं लावतो, त्यो मेंढ्या परत मागायला किती वर्सं लावंल?"

नाना इतक्या मोठ्यानं हसले, की हातातलं कार्ड कधी पेटीत पडलं, ते त्यांना कळलंच नाही.