सासूबाईंची अडगळ

शून्य ओळी.

पडद्यावर एवढंच उमटलं आणि तिचा चेहरा पडला.

"हिरवा दिवा लागला, जोडणी झाली, दोघी एकमेकींना ओळख देतायत, आणि तरी एकही जोडी जुळत नाही? काका, तुमच्या सासूबाई अबोला धरून बसल्यात!"

सासूबाई म्हणजे तळघरातलं ते कपाटाएवढं जुनं मशीन. बोन मॅरो द्यायला तयार असलेल्या दात्यांची सगळी माहिती त्यांच्या पोटात. सूनबाई म्हणजे वरच्या मजल्यावरचा नवा सर्व्हर. हॉस्पिटलातले रुग्ण तिच्या पदरात. दोघींचा जन्म वेगळ्या घरचा, बोली वेगळी, चालीरीती वेगळ्या. दात्यांची संस्था आणि हॉस्पिटल एक झालं, तेव्हा या दोघींना बोलतं करायचं काम तिच्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, तिनंच ते भांडून मागून घेतलं. कारण वरच्या मजल्यावर तिची भाची झोपून होती. जुळणारा दाता मिळाला तर पोर वाचणार होती. आजवर दात्यांची चौकशी पत्रानं व्हायची आणि उत्तराची वाट बघण्यात जीव जायचा. आता एका क्वेरीत, म्हणजे मशीनला विचारलेल्या एकाच प्रश्नात, सगळ्या रुग्णांच्या पेशींचे आकडे सगळ्या दात्यांशी ताडून बघता येणार होते. म्हणजे, जुळले तर.

काका हे सासूबाईंचे जुने सेवेकरी. पन्नाशीला टेकलेले, काटक, रोज सायकलनं कामावर येणारे. कामाला वाघ, पण आवराआवर म्हटलं की अंग चोरायचे. जोडणीआधी ती रोज त्यांच्या मागे लागायची, "काका, मशीनच्या चाचणीसाठी पूर्वी घातलेल्या खोट्या नोंदी तेवढ्या पुसून टाका. अडगळ नुसती." काका मान डोलवायचे. "उद्या नक्की." तो उद्या काही उजाडला नव्हता.

"अबोला नाही गं, त्यांची शिस्त कडक आहे," काका आता म्हणाले. "नाव काय वाटेल ते घाल, हूं की चूं करणार नाहीत. पण पेशींचा आकडा मनानं ठोकून दिलास तर तोंडावर फेकतात. तरुणपणी मी लाख बनवून बघितले, एक घेतला नाही बयेनं."

"आकडे खरे आहेत ना? मग जुळत का नाहीत?"

तिनं दोघींकडचा एकेक आकडा उचलला आणि शेजारी शेजारी ठेवला. हुबेहूब तोच. तिनं माऊस धरून सूनबाईचा आकडा रंगवला. मग सासूबाईंचा. आणि ती खुर्चीतून उठलीच.

"काका, शेपूट!"

सासूबाईंचा आकडा संपला तरी निळा रंग पुढे सरकतच गेला होता. आकडा लहान असला की त्या रकाना भरेपर्यंत मागे कोऱ्या जागा जोडत होत्या. माणसाच्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण सूनबाईला ते सगळं दिसत होतं आणि ती म्हणत होती, हा आकडा माझा नव्हे. एवढ्याशा रिकामपणावरून घर अडलं होतं!

तिनं क्वेरीत एक शब्द वाढवला. शेपटं छाटली. बटण दाबलं.

पडदा भरला. ओळीमागून ओळ खाली उतरू लागली. काकांनी टाळ्या पिटल्या. आवाज ऐकून वरच्या डॉक्टरीणबाई जिना उतरून धावत आल्या आणि पडद्याला नाक लावून ओरडल्या, "हा तर माझा पेशंट! आणि हीसुद्धा! अगं, यांना दाते होते?" त्यांनी काकांचा हात धरून गदागदा हलवला. तिला हसूही येत होतं आणि रडूही. आजपर्यंत केलेल्या कुठल्याच कामाचा तिला एवढा आनंद झाला नव्हता.

मग तिनं श्वास रोखून भाचीचा क्रमांक टाकला.

एक ओळ आली. एकच. पण सगळेच्या सगळे आकडे जुळलेले.

"मिळाला!" ती किंचाळली. डॉक्टरीणबाईंनी तिला मिठी मारली. टेबलावरचा फोन वाजू लागला. बहीण होती. तिनं फोन उचलायला हात पुढे केला आणि जाता जाता तिची नजर दात्याच्या नावावर गेली.

अबक कखग. फोन नंबर, सगळे नऊ. पत्त्याच्या जागी नुसतं 'पत्ता'.

तिचा हात तिथंच थांबला.

"खोटी नोंद," ती कशीबशी म्हणाली. "चाचणीची. काका, कितीदा सांगितलं होतं तुम्हाला, पुसा म्हणून! आता काय सांगू मी ताईला?"

फोन वाजतच होता. तिनं डोळे पुसले, ती ओळ निवडली आणि पुसायच्या बटणावर बोट नेलं.

"थांब." काकांनी तिचं मनगट घट्ट धरलं. ते पडद्यावरचे आकडे ओठ हलवत वाचत होते. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी परत पहिल्यापासून वाचले.

"सोडा ना काका. या नावाचा माणूसच नाही जगात."

काका हसू लागले. हसता हसता त्यांनी शर्टाच्या बाहीचं बटण सोडलं आणि उघडा दंड डॉक्टरीणबाईंपुढे धरला.

"नाव बनवलं होतं गं. आकडे बनवता येईनात, म्हणून रक्त माझंच तपासून घातलं होतं."