जाड नळी, बारीक नळी

"बारकंच घ्या यशवंतराव. जाड लई उसळते," पांडुरंगराव म्हणाले.

घोंगडीवर दोन पिस्तुलं होती. दोन्ही तळहातात मावतील एवढी, दोन्हींना एकावर एक अशा दोन नळ्या. एकाच्या नळ्या जाड, दुसऱ्याच्या बारीक. शेजारी गोळ्यांच्या पत्र्याच्या दोन डब्या. दसऱ्याचा दिवस. तामसी गावच्या मैदानात भरमार बंदुकांनी मडकी फोडून झाली होती. आता मुठीतल्या पिस्तुलांची बाजी होती. चार पावलांवर दोन लिंबं टांगायची. दोन नळ्या, दोन बार. आधी दोन्ही लिंबं फोडेल तो जिंकला.

जंगलातली अण्णा मंडळी, म्हणजे नक्षलवादी, घराघरांतून बंदुका नेत होती, म्हणून दरोगानं दसरा होताच सगळी हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगितलं होतं. बापाचं पिस्तूल उद्या जाणार, ते परत येणार नाही, हे यशवंतरावांना कळत होतं. जाण्याआधी एकदा तरी ते वाजावं, एवढंच त्यांना हवं होतं.

बाप, म्हणजे अनंतराव, दोन्ही उडवत. जाड पिस्तूल असं उसळे, की अनंतराव पूर्वेला तोंड करून बार काढत आणि पश्चिमेला तोंड करून विचारत, "लागली काय रे?" बारकं मात्र भारी सभ्य. त्याची गोळी खाल्लेला ससा म्हणे घरी जाई, बायकोशी दोन शब्द बोले आणि मग मरे.

अनंतराव गेले आणि वाटणी झाली. विहिरीच्या पाळीवरून भावाभावांत आधीच वाजलेलं. पंचांनी न्याय काट्यावर तोलला. थोरल्या यशवंतरावांना जाड पिस्तूल, धाकट्या नरसिंगरावांना बारीक, आणि एकेक डबी दोघांना. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्या उघडल्या, तर जाड पिस्तुलाच्या वाट्याला बारीक गोळ्या आणि बारकाच्या वाट्याला जाड! सगळी पंचक्रोशी हसली. पंचांना पुढं कोणी बैलही वाटायला बोलावलं नाही, न जाणो शिंगं एकाला अन् शेपटी दुसऱ्याला देतील.

अदलाबदल करायला फक्त समोरची गल्ली ओलांडायची होती. थोरला म्हणे, "दसऱ्याले सोनं द्याले धाकट्यानं याचं असते. येईन तवा आनीन." धाकटा म्हणे, "मले गरज नाई. ज्याले असन तो येईन." अकरा दसरे गेले. दरवर्षी दोघे आपापल्या ओट्यावर मुकं पिस्तूल पुसत, तेल लावत, झेंडू वाहत आणि समोर न बघता आत जात. गल्ली ओलांडे ती एकटी त्यांची आई, बयनाबाई. सहा महिने या घरी, सहा महिने त्या घरी.

या भादव्यात नरसिंगराव काविळीनं गेले. यशवंतरावांनी गल्ली ओलांडली ती खांदा द्यायला.

आज सकाळी सरोजिनीबाई, नरसिंगरावांची बायको, पिस्तूल आणि डबी घेऊन आल्या. थोरल्या दिरासमोर त्या बोलत नसत. जावेकडे, कुसुमबाईंकडे बघून म्हणाल्या, "बाई, ह्या गोळ्या ज्वारीच्या कोठीत ठेवत. दर उन्हाळ्यात काढून पुसत. मी म्हनो, आपल्या कामाच्या नाई तं काऊन पुसता? तं म्हनत, दादा मांगाले आला तं वल्या निंगू नये."

दाराआड यशवंतराव उभे होते.

"घरात वर्षाचं दुःख, आन तुमी लिंबं फोडाले चालले?" कुसुमबाईंनी विचारलं. दोन्ही पिस्तुलं, दोन्ही डब्या घोंगडीत गुंडाळून यशवंतराव मैदानात आले.

"आता सांगा तं खरं," पांडुरंगरावांनी पुन्हा डिवचलं. तरुणपणी ते अनंतरावांबरोबर शिकारीला जात. "जाड का बारीक? बारकं हातात हालत नाई. दुसरा बार बराबर बसते. जाड घेसान तं पह्यल्याच बारात अंगठा सोलन, आन दुसरं लिंबू तुमाले पाहून हासन."

यशवंतरावांनी जाड पिस्तूल उचललं.

"काऊन हो?"

"बारकं घेतलं तं पिस्तूल त्याचं, गोळी माही. जाड घेतलं तं पिस्तूल माहं, गोळी त्याची. लिंबू गोळीच फोडते, पांडुरंगराव. फोडू द्या त्यालेच."

त्यांनी भावाच्या डबीतल्या दोन गोळ्या भरल्या. गोळ्यांना तेलाचा ताजा वास होता. पहिला बार झाला तेव्हा कडुलिंबावरचे कावळे म्हणे थेट दूर गुडीहत्नूर गावाला जाऊन बसले. लिंबू दिसेना, नुसता दोरा हलत होता. अंगठा सोलला. रक्तानं चिकट झालेल्या मुठीतून दुसरा बार निघाला आणि दुसरं लिंबूही उडालं. लोकांनी ओरडा केला, गुलाल आणला. यशवंतरावांनी गुलाल लावून घेतला नाही. मातीत पडलेली लिंबाची अर्धी फोड उचलली आणि घरी गेले.

बयनाबाई ओट्यावर बसून होत्या. डोळ्यांनी आता फारसं दिसत नव्हतं. तोंड समोरच्या बंद दाराकडे होतं. यशवंतरावांनी फोड त्यांच्या हातात ठेवली.

"आये, नरसिंगानं मारलं हे. त्याच्याच गोळीनं." मग त्यांचा आवाज फाटला. "मेले ते पंच! त्यायनं डब्या नीट देल्या असत्या तं..."

बयनाबाईंनी फोड चाचपली. तिला बारुदीचा वास येत होता.

"पंचायनं नीटच देल्या होत्या, बाबू," त्या म्हणाल्या. "रातून म्याच बदलल्या. म्हटलं, गोळ्या मांगाले तरी कोनी कोनाच्या दारात जाईन."